खाली ठेवा तिला

त्या वर्षी उन्हाळा वेळेआधीच येऊन ठाण मांडून बसला. पहाटे तोडलेला तुतीचा पाला उन्हं डोक्यावर यायच्या आत कागदासारखा वाजायला लागायचा. विहिरीतलं पाणी मोटर लावली की खालून गाळ ओकायचं. शेडमधल्या रेशमाच्या अळ्यांना यातलं काय कळणार? त्यांची शेवटची कात टाकून झाली होती. आता कोष विणायला बसेपर्यंत नुसतं खायचं. सुकलेलं नको, ओलं नको, निबर नको. घरातली माणसं मात्र जेवायला बसली तर बसली, नाहीतर उभ्यानं घोटभर पाणी पिऊन पुन्हा पाल्याला पळाली, असं चाललं होतं.

घरात हाताशी माणसं तीनच. दादा, त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. दादाच्या बायकोला सगळी आळी वहिनी म्हणायची. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर शाळेत होता. 'वहिनी, माझी वही कुठंय? वहिनी, माझा सदरा कुठंय?' असा त्याचा दिवसभर गजर चालायचा. तो ऐकून ऐकून शेजारीपाजारीच काय, दूधवालासुद्धा तिला वहिनीच म्हणायला लागला. सासूसासरे पाठोपाठ गेले आणि या पोराचं दुखणंखुपणं, परीक्षा, फाटलेल्या चपला, सगळं तिच्यावर आलं. तिनं ते मनापासून केलं. आता तो तिशीला टेकला होता. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, "मला या अळ्या पुरेत वहिनी. खातात, झोपतात, भांडत तर नाहीत!" आणि विळा उचलून तुतीत पसार व्हायचा. वहिनी त्याला भाऊजी म्हणायची, पण मायेचं म्हणाल तर धाकट्या भावाची.

दादाला मुली दोन. थोरलीचं नाव भाऊजींनीच ठकी पाडलं होतं, कारण अंगावर पाणी ओतलं तरी ती लाकडी बाहुलीसारखी डोळे मोठे करून बघत बसायची. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत ठकी चारचौघींसारखी वाढली. मग कुठंतरी थांबली. नेमकी कधी, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. घरात रोज डोळ्यांसमोर असलेलं पोर वाढतंय की नाही हे कोण बघत बसतं? धाकटी तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण उंचीनं तिच्यावर गेली, थोरलीचे फ्रॉक धाकटीला आखूड व्हायला लागले, तेव्हा सगळे हसले. "ठकीचे कपडे टिकतात बाई," वहिनी कौतुकानं सांगायची.

ठकीला दहावं लागलं होतं. तोंड सुजल्यासारखं गोल, कातडी खरखरीत, हात कायम गार. ऐन उन्हाळ्यातही तिला शेडच्या पत्र्याखालची उबदार जागा लागायची. तिचं काम सोपं होतं. रॅकच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना बघायचं, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत, आणि खालच्या कप्प्यांवर पाला पसरायचा. पण तेवढ्यातही ती पेंगायची. हातातली फांदी हातातच राहायची.

"अगं हात चालव, हात!" वहिनी ओरडायची. "एवढ्या वेळात अळ्या कोष विणून मोकळ्या होतील. कुठून ही आळशी पैदास माझ्या पोटी आली देव जाणे."

ठकी दचकून जागी व्हायची. हळूच फांदी ठेवायची, दुसरी उचलायची. भाऊजी आत आले की मात्र तिचा चेहरा उजळायचा. ते तिला उचलून खांद्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "वरचे कप्पे कुणी बघायचे? मी एकटा पडतो. ही माझी शिडी आहे."

"शिडी तुम्ही आहात भाऊजी. ती नुसती वर बसते."

"मग शिडीवर कुणीतरी बसायला नको?"

अशी ती थट्टा चालायची. तुतीत जातानाही ते तिला सायकलच्या मागं बसवून न्यायचे, कारण तिथवर चालली तरी तिला धाप लागायची.

या धावपळीच्या महिनाभर आधी एका सकाळी मोरीत कपडे धुताना वहिनीच्या हाती ठकीची चड्डी आली. तिला आधी वाटलं, पडली असेल, खरचटलं असेल. मग तिनं ती उन्हाकडे धरून पाहिली आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. तिची स्वतःची पाळी चौदाव्या वर्षी आली होती. ही तर अजून दुधाचे दात पाडत होती.

तिनं ठकीला हाक मारली, कोपऱ्यात घेतलं, जुन्या साडीचा कपडा फाडून दिला आणि कसा घ्यायचा ते दाखवलं. ठकी घाबरली होती. "आई, मी मरणार का?"

"गप्प. मरायला काय झालंय? मोठी झालीस."

मागे धाकटी उभी होती, ते वहिनीला दिसलं नव्हतं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही कुठं मोठी? बघ ना, मी मोठी आहे." वहिनीनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि बाहेर पिटाळलं. दादाला तिनं काही सांगितलं नाही. कामाचे दिवस, आणि पुरुषाला काय सांगायचं? वाटलं, होत असेल एखादीला लवकर. पण त्या दिवसापासून ठकीला तिनं बजावलं, "काकाच्या खांद्यावर बसायचं नाही."

"का?"

"सांगितलं ना, मोठी झालीस."

पुढच्या महिन्यात, अळ्यांनी शेवटची कात टाकली तेव्हा, पुन्हा तेच झालं. आणि ठकीचं पोट दिसायला लागलं. एरवी ती लठ्ठच होती, पण हे पोट वेगळं होतं, खालच्या बाजूला घट्ट. फ्रॉक कंबरेत बसेना, म्हणून वहिनी तिला गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंपिणीकडे घेऊन गेली. शिंपीण तिची जुनी मैत्रीण. तोंडात टाचण्या धरूनही बोलायची तिची हातोटी होती. तिनं फीत लावली, उंची मापली, कंबर मापली, छाती मापली आणि फीत गळ्यात टाकून ठकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा गं, बाहेर मांजरीला पिल्लं झालीत, बघ जा."

ठकी हळूहळू बाहेर गेली. शिंपिणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"उंचीला आहे तेवढीच. पण छाती भरलीय आणि पोट असं. तुला काही दिसत नाही का?"

"काय दिसायचंय?"

"घरात पुरुष कोण कोण असतात?"

"कोण असणार? हे, आणि भाऊजी." एवढं बोलून वहिनी थांबली. प्रश्न का विचारला ते तिला तेव्हा कळलं. "तोंड सांभाळून बोल हं," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"मी कुठं काय बोलले? मी आपलं विचारलं. पोर लाडाची आहे त्याच्या, सगळ्यांना दिसतं. डोळे उघडे ठेव एवढंच." शिंपिणीनं टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

वाटेत वहिनीनं ठकीचा हात इतका घट्ट धरला होता की ठकी म्हणाली, "दुखतंय." चिंचेखाली वहिनी थांबली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं विचारलं, "काका तुला त्रास देतो का गं कधी?"

"हो."

वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. "काय करतो?"

"मला झोप लागली की नाकात पानाचा देठ घालतो."

"आणखी?"

ठकी विचारात पडली. तिला कुठलीही गोष्ट आठवायला वेळ लागायचा. ती 'आणखी'चं उत्तर शोधत होती की आईच्या चेहऱ्याला घाबरली होती, कोण जाणे. वहिनीला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. "चल," म्हणून तिनं तिला ओढलं. देठाचं ती घरी येईपर्यंत विसरूनही गेली. 'हो' तेवढं मनात रुतून बसलं.

नंतरचे दिवस तिला पुढं कितीतरी वेळा आठवले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच वेगळं दिसलं नसतं. उजाडता उजाडता पाला तोडायचा, ओल्या पोत्यांखाली झाकून आणायचा, अळ्यांवर पसरायचा, खिडक्यांच्या गोणपाटांवर पाणी मारायचं, विष्ठा काढायची, चुना भुरभुरायचा. पण वहिनीचे डोळे सारखे एकाच माणसावर असायचे. तो शेडमध्ये गेला की ही शेडमध्ये. तो मोरीकडे वळला की ही दारात. मुलींची अंथरुणं तिनं आतल्या खोलीत घेतली आणि कडी घालायला लागली. ठकीला पाल्याला पाठवणं बंद केलं. एका दुपारी भाऊजी जेवायला आत आले, तर त्यांचं ताट ओसरीवर वाढलेलं.

"आत जागा नाही वाटतं?" ते हसून म्हणाले.

"अंग चुन्यानं भरलंय तुमचं."

ते दादाकडे बघायला लागले. दादाचंही अंग चुन्यानं भरलेलं होतं आणि तो आत बसून जेवत होता. भाऊजी ओसरीवर बसून जेवले, ताट स्वतः घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आपणहून ओसरीवरच बसले. ठकी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे निघाली, तर वहिनीनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः नेऊन ठेवला, थोडा लांब, हात पुरेल इतकाच.

आपण करतोय ते बरोबर की चूक, याचा विचार ती करत नव्हती असं नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. या हातांनी ज्याचं डोकं धुतलं त्याच्याबद्दल असलं मनात आणताना तिला स्वतःची शिसारी यायची. आणि लगेच ठकीचं पोट दिसायचं. पाळी येतेय म्हणजे तसलं काही नसणार, अशी ती मनाची समजूत घालायची, पण तीही टिकायची नाही. विचारायचं कसं? कुठल्या शब्दांत? दादाला सांगितलं तर विळे निघतील. डॉक्टरकडे नेलं तर गावभर होईल. अळ्या कोषावर जाऊ देत, मग बघू, असं म्हणत तिनं एकेक दिवस ढकलला.

अळ्यांची खा-खा अगदी टोकाला पोचली त्या संध्याकाळी दादानं शेजारचे दोघं मदतीला बोलावले होते. आपली तुती संपत आली होती, लांबच्या मळ्यातून टेम्पोनं पाला आला होता. सगळे मिळून उतरवत होते. ठकी सकाळपासून मलूल होती. ती शेडच्या दाराशी पाल्याच्या ढिगावर कलंडली आणि तिथंच झोपली. एकजण भारा घेऊन येत होता, त्याचा पाय तिच्यावर पडता पडता राहिला. भाऊजींनी आपला भारा टाकला, पुढं झाले आणि ठकीला उचललं. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं. ते घराकडे वळले.

वहिनी शेडमधून धावत आली. तिला स्वतःलाच स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"खाली ठेवा तिला!"

सगळे थांबले. टेम्पोवाल्यानं फाळका धरलेला हात तसाच ठेवला.

"झोपलीय वहिनी. आत नेऊन—"

"खाली ठेवा म्हणते ना! हात लावायचा नाही माझ्या पोरीला. पुन्हा कधी हात लावायचा नाही."

ठकी जागी झाली आणि रडायला लागली. भाऊजींनी तिला खाली उभं केलं. तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरला होता, तो नीट करायला त्यांचा हात पुढं आला आणि मधेच थांबला. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर नुसतंच नवल होतं. मग ओसरीवरचं ताट, कडी, लांब ठेवलेला तांब्या, सगळं एकापाठोपाठ त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचे ओठ पांढरे पडले. ते दादाकडे वळले. दादाला काही ठाऊक नव्हतं. पण बायको विनाकारण असं ओरडणार नाही एवढं त्याला माहीत होतं आणि समोर परकी माणसं होती. त्यानं मान खाली घातली आणि पाल्याचा भारा उचलला.

तेवढं पुरलं. भाऊजींनी उरलेले भारे उतरवले, अंधार पडेपर्यंत पाला पसरला. सकाळी उठून पाहिलं तर शेडमध्ये ताज्या पाल्याची रास होती, वर ओली पोती नीट अंथरलेली. सायकल भिंतीला टेकून ठेवलेली. ते गेले होते.

दादानं तेव्हा कुठं बायकोला विचारलं. तिनं सांगितलं. तो खाटेच्या कडेवर बसला, बराच वेळ नखातली माती काढत राहिला. "तो असं करणार नाही," म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पण मग पोट?"

दोन माणसांत तेवढा पाला होणं शक्यच नव्हतं. अळ्या भुकेनं माना वर करून डोलत राहिल्या. काही कोषावर गेल्या, त्यांचे कोष दाबले की बोटाखाली मऊ लागायचे. बाकीच्या कोष विणायला लावलेल्या जाळ्यांवरून गळून पडल्या. वहिनी त्या सुपानं भरून खड्ड्यात टाकत होती तेव्हा घरातून धाकटी ओरडत आली, "आई, ठकीच्या पोटात दुखतंय, ती उठतच नाहीये."

दूधवाल्याच्या गाडीतून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. फोटो काढणाऱ्या डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवलं, आणि दुसऱ्याला बोलावलं. दोघांच्या बोलण्यात 'गाठी' आणि 'ऑपरेशन' एवढंच दादाला कळलं. मग डॉक्टरीणबाई आल्या. वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या. त्यांनी आधी नर्सला ठकीबरोबर पडद्याआड बसवलं आणि आईबापाला बाहेर काढलं. वहिनीला ठाऊक होतं आत काय विचारत असतील. ती भिंतीला टेकून उभी होती आणि आत नर्सचा हलका, सावकाश आवाज येत होता. मधेच ठकी काहीतरी म्हणाली, नर्स हसली, पुन्हा विचारायला लागली. घाई नाही, ओढाताण नाही.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाई ठकीचं कोपर चोळून बघत होत्या.

"हिला थंडी वाजते का हो नेहमी?"

"हो."

"संडासला साफ होते?"

"नाही. चार-चार दिवस नाही."

"झोप?"

"उभ्या उभ्या झोपते. आळशी आहे जरा."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही शेवटची कधी वाढली?"

वहिनीला प्रश्नच समजला नाही. मग समजला, आणि ती ठकीच्या आखूड पायांकडे बघायला लागली.

रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन थांबवून धरलं होतं. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि आपल्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथं एक ग्रंथी असते. थायरॉईड. अंगाची वाढ, ऊब, हुशारी, सगळं तिच्या रसावर चालतं. हिची ती ग्रंथी बंद पडलीय, बरीच वर्षं झाली असतील. मेंदू तिला हाका मारतोय, काम कर, काम कर. ती ऐकत नाही. मेंदू आणखी जोरात ओरडतो. ती ओरड शेवटी पोटातल्या बीजांडांना ऐकू जाते. त्यांना वाटतं, आपल्यालाच बोलावलं. म्हणून बीजांडं अवेळी जागी झाली. पाळी आली, पाण्याच्या गाठी झाल्या, पोट वाढलं. कापायचं काही नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. गाठी आपोआप विरतील, पाळी थांबेल, योग्य वयात पुन्हा येईल. पोरगी वाढायला लागेल. गोळी मात्र सोडायची नाही."

दादानं हात जोडले. वहिनी तशीच बसली होती. तिनं ओठ ओले केले.

"म्हणजे कुणी… कुणी काही…"

"नाही हो. आम्ही नीट विचारलं, तपासलं. विचारायलाच हवं. पण हिला कुणी काही केलेलं नाही."

एवढं ऐकून कुठल्याही आईचा जीव भांड्यात पडला असता. वहिनीचाही पडला. आणि त्याच क्षणी तिला ओसरीवरचं ताट दिसलं. ती बाहेर आली, नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. दादा शेजारी येऊन उभा राहिला. दोघांपैकी एकानंही त्याचं नाव काढलं नाही.

गोळी सुरू झाली. ठकी जागी व्हायला लागली, असंच म्हणायला हवं. आधी तोंडावरची सूज उतरली. मग पोट. पाळी थांबली. पावसाळा संपता संपता, शेडमध्ये अळ्यांची नवी तुकडी आली तोवर, तिचे फ्रॉक गुडघ्याच्या वर गेले. ती बोलायला लागली आणि बोलतच सुटली. धाकटीशी भांडायला लागली, जिंकायला लागली. गणितं तोंडी करून दाखवायला लागली. वहिनी चुलीपाशी बसून ऐकायची. जिला चार वर्षं ती आळशी म्हणून झोडपत होती ती पोर अशी होती तर! एकदा ठकीच म्हणाली, "आई, तू ओरडायचीस ना, तेव्हा मला ऐकू यायचं. पण हातांना लवकर कळायचं नाही." वहिनी उठून मागच्या दारी गेली.

आणि रोज एक प्रश्न. "काका कधी येणार?"

टेम्पोवाल्याकडून कळलं, भाऊजी दोन तालुके पलीकडे एका रोपवाटिकेत कामाला आहेत. वहिनी दादाला म्हणाली, "चला." दादानं मान हलवली. "मी कुठल्या तोंडानं जाऊ? तू निदान बोललीस तरी. मी तर तेही केलं नाही." मग ती ठकीला घेऊन एकटीच गेली.

रस्त्याकडेला हिरव्या जाळीखाली रोपांच्या ओळी होत्या. भाऊजी उकिडवे बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होते. दाढी वाढलेली. ठकीनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि आईचा हात सोडून पळत सुटली. "काका! काका, मी पळतेय बघ!"

ते उठले. चेहरा असा फुलला की वहिनीला वाटलं, झालं, सगळं मिटलं. ठकी हात पसरून त्यांच्यापर्यंत पोचली, आणि ते एक पाऊल मागे झाले. दोन्ही हात पाठीमागे गेले.

"माती आहे गं हाताला," ते म्हणाले. "केवढी उंच झालीस! पळतेस की!"

ठकी हात पसरून तशीच उभी राहिली. मग तिनं ते हळूहळू खाली घेतले.

त्यांनी वहिनीला बसायला रिकामं पोतं झटकून दिलं, पाणी आणलं. वहिनीनं सगळं सांगितलं. गाठी, गोळी, डॉक्टरीणबाई. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेच विचारत होते, "रोज घेते ना? विसरत नाही ना?" सांगून संपल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, मी चुकले. पाया पडते, घरी चला."

"असं करू नका वहिनी. तुम्ही आई आहात. तुम्हाला शंका आली, येणारच."

"मग चला."

त्यांनी एक पिशवी उचलली, माती दाबली, बाजूला ठेवली. "तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. शिवी देऊन का होईना. मी तिथंच उभा राहून उत्तर दिलं असतं. दादानं मान खाली घातली, तेव्हा मला वाटलं, खरंच काही केलं का मी? दोन दिवस मी तेच आठवत होतो. मीच."

वहिनी रडायला लागली. ते थांबले, तिचं रडणं ओसरू दिलं.

"मी रागावलेलो नाही. राग असता तर उतरला असता. पण तिथं आलो आणि ठकी जवळ आली, की मला आधी तुमच्याकडे बघावं लागेल. तुम्ही नसाल बघत, तरी मी बघेन. असं घरात कसं राहायचं?"

त्यांनी दोघींना बसपर्यंत पोचवलं. ठकीला एक रोप दिलं, तेही खाली ठेवून, तिला उचलायला सांगून. बस सुटेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले.

ठकी खिडकीतून मागं बघत होती. रस्ता वळला तेव्हा तिनं विचारलं, "काका माझ्यावर चिडलाय?"

"नाही गं. तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

वहिनीला खोटं सांगता आलं असतं. ठकी पूर्वीसारखी असती तर तिनं सांगितलंही असतं. "माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "तू आजारी होतीस. मला वाटलं, काकानं तुला काही वाईट केलं. त्यानं काही केलं नव्हतं. मी त्याला न विचारता घालवलं."

ठकीनं तिच्याकडे पाहिलं. आता तिला विचार करायला वेळ लागत नव्हता.

"मला विचारायचं ना नीट," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं."

"हो."

ठकी मांडीवरचं रोप सांभाळत उठली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन एकटीच बसली. वहिनीनं तिला हाक मारली नाही. सगळ्या रस्त्यात तिला फक्त ठकीची वेणी दिसत होती.

उतरल्या तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दादा थांब्यावर आधीच येऊन उभा होता. अंगात धुतलेला सदरा होता. आधी ठकी उतरली, मग वहिनी. दादा त्यांच्या मागे दाराकडे बघत होता. एक म्हातारा उतरला, त्याच्यामागून एक बाई बोचकं घेऊन उतरली. कंडक्टरनं घंटी मारली, दार बंद झालं, बस धूळ उडवत निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत दादा तिकडेच बघत राहिला.

मग त्यानं वहिनीच्या हातातली पिशवी घेतली. "चला," म्हणाला, "पाला टाकायचा राहिलाय."